भरल्या बोटीचा पंखा

बोट घ्यायला गेलेला माणूस इंजिन किती अश्वशक्तीचं आहे ते विचारतो. किती माणसं बसतील, सीटचं कापड उन्हात टिकेल का, छत बटणावर उघडतं का, स्पीकर किती आहेत, हे सगळं विचारतो. इंजिनाच्या खालच्या टोकाला पाण्यात फिरणाऱ्या पंख्याबद्दल मात्र तो सहसा काही विचारत नाही, आणि विकणाराही आपण होऊन काही सांगत नाही. खरं तर पाण्याशी थेट गाठ पडते ती त्या पंख्याचीच. पेट्रोल जळून इंजिनात जी ताकद तयार होते ती बोटीपर्यंत पोचते ती तीन किंवा चार पात्यांमधून. ती पाती चुकीची असतील तर वर बसवलेलं महागडं इंजिन नुसतं घाम गाळत राहतं.

हा लेख अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या तळ्यांवरचा आहे, कारण ज्या बोटीबद्दल सांगायचं आहे ती तिथलीच. मिनेसोटात दहा एकरांहून मोठी अशी अकरा हजारांवर तळी आहेत आणि नोंदणी झालेल्या बोटी आठ लाखांहून जास्त. याच राज्यातल्या रिचमंड नावाच्या लहानशा गावात १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला अँब्रोझ वीअर्स या शेतकऱ्याने लोखंडी पिंपं एकापुढे एक जोडून दोन लांब नळ्या तयार केल्या, त्यांवर फळ्यांचा सपाट ओटा ठोकला आणि ते तरंगतं अंगण जवळच्या तळ्यात सोडलं. पॉन्टून बोटीची सुरुवात म्हणून तिथे आजही हीच गोष्ट सांगतात. पिंपांच्या जागी पुढे अॅल्युमिनियमच्या नळ्या आल्या, ओट्यावर सोफे, कठडे, छत, जेवणाचं टेबल आलं. मूळ कल्पना मात्र तीच राहिली. दोन किंवा तीन बंद नळ्या, त्यांवर सपाट जमीन आणि मागच्या बाजूला टांगलेलं आऊटबोर्ड इंजिन.

आऊटबोर्डही याच भागातलं. शेजारच्या विस्कॉन्सिन राज्यात मिलवॉकी शहरात नॉर्वेहून आलेल्या ओले एव्हिनरूडने १९०९मध्ये आपलं दीड अश्वशक्तीचं, होडीच्या मागे अडकवायचं इंजिन बाजारात आणलं. त्याच्याआधीही काहींनी असे प्रयत्न केले होते, पण घरोघरी पोचलं ते एव्हिनरूडचं. त्या नावाची इंजिनं २०२०मध्ये बंद झाली. आज अमेरिकेतल्या तळ्यांवर मुख्यतः मर्क्युरी, यामाहा, सुझुकी आणि होंडा दिसतात. त्यांतल्या मर्क्युरीचं ठाणं विस्कॉन्सिनमध्येच, फॉन्ड दु लॅक गावी आहे.

मिनिआपोलिस आणि सेंट पॉल या जुळ्या शहरांभोवतीच्या उपनगरांत मराठी घरं आता बरीच आहेत. त्यांतल्या ज्यांना तळ्याचा नाद लागतो, त्यांची पहिली बोट बहुधा पॉन्टूनच असते, आणि त्याला कारण आहे. सहा महिन्यांसाठी मुलाकडे आलेले आईवडील या बोटीत न घाबरता चढतात. धक्क्यावरून पाऊल टाकलं की थेट सपाट जमीन. बोट कलत नाही. साडी नेसून बसता येतं, गुडघे दुखत असतील तर पाय लांब करता येतात, मधल्या टेबलावर डबे उघडून पोहे आणि वडे वाढता येतात. दोन कुटुंबं, चार मुलं, दोन्हीकडचे आजी-आजोबा असे दहाजण एकत्र निघाले की दिवस कसा जातो ते कळत नाही. पंख्याची अडचण उभी राहते ती नेमकी या गर्दीमुळे.

मिनिआपोलिसच्या पश्चिमेला असलेल्या मिनेटोंका तळ्यावर अशा एका मराठी कुटुंबाच्या बोटीवर मी गेलो होतो. बावीस फुटी, दोन नळ्यांची, ११५ अश्वशक्तीचं मर्क्युरीचं इंजिन असलेली, सेकंडहँड घेतलेली पॉन्टून. साडेचौदा हजार एकरांचं हे तळं खाड्याखाड्यांनी तुटलेलं आहे, आणि एका खाडीतून दुसरीत जाताना अरुंद कालव्यांतून आणि पुलांखालून जावं लागतं. आम्ही दहाजण होतो, टाकी भरलेली होती, बर्फाची पेटी गच्च होती. मोकळ्या पाण्यात आल्यावर मालकाने थ्रॉटल पुढे ढकलला, शेवटपर्यंत. इंजिनाचा आवाज जाडसर झाला, पण चढला नाही. बोटीचं नाक थोडं वर आलं आणि तिथेच राहिलं. मागे पांढरं पाणी भरपूर उसळत होतं. टॅकोमीटरचा काटा ४५००वर पोचून थांबला. जीपीएस ताशी १९ मैल दाखवत होतं.

"दोघंच असलो की बरी पळते," मालक म्हणाले. "माणसं चढली की अशी बसते. दुकानदार म्हणतो, दीडशेचं इंजिन टाका."

दीडशेचं नवं इंजिन म्हणजे पंधरा हजार डॉलरांच्या आसपासचा खर्च. त्याआधी बोट एका म्हाताऱ्या मेकॅनिकला दाखवायची ठरली. तळ्याकाठी त्याची शेड आहे, भिंतीवर वाकलेले, तुटलेले, पाती कुरतडलेले पंखे खिळ्यांना टांगलेले आहेत. त्याने इंजिनाचं वरचं झाकण उघडलंच नाही. ट्रेलरवरच्या बोटीमागे तो उकिडवा बसला, पंख्याच्या मधल्या नळीवरचा चिखल अंगठ्याने पुसला आणि तिथे कोरलेला शेवटचा आकडा मोठ्याने वाचला. पंधरा.

पंख्याचे मुख्य आकडे दोन. पहिला व्यास, म्हणजे पाती फिरताना जे वर्तुळ काढतात त्याची रुंदी. दुसरा पिच, आणि बहुतेक वेळा सगळा खेळ याच्याभोवती फिरतो. पाणी निसटून जाणारं नसतं, घट्ट असतं, तर एका पूर्ण फेऱ्यात पंखा किती इंच पुढे सरकला असता, ते पिच सांगतो. पंधरा पिचचा पंखा एका फेऱ्यात पंधरा इंच जाऊ पाहतो, बाराचा बारा इंच. प्रत्यक्षात पाणी मागे सरकतं आणि बोट त्याहून कमी जाते. हा जो फरक पडतो त्याला स्लिप म्हणतात. स्लिप म्हणजे बिघाड नव्हे. पाणी मागे ढकललं तरच बोट पुढे जाणार, त्यामुळे थोडी स्लिप असायलाच हवी. हलक्या, वेगवान बोटींत ती दहा टक्क्यांच्या आसपास असते. पॉन्टूनसारख्या जड, पाण्याला अडणाऱ्या बोटीत वीस-पंचवीस टक्के झाली तरी कुणी नवल करत नाही.

हिशेब घरी बसून करता येतो, आणि तो प्रत्येक बोटवाल्याने एकदा करावा असं मला वाटतं. इंजिनाचे फेरे आणि पंख्याचे फेरे सारखे नसतात, मधे गिअर असतो. मर्क्युरीच्या या ११५च्या इंजिनात गिअरचं प्रमाण २.०७ आहे, म्हणजे इंजिनाचे दोनहून किंचित जास्त फेरे होतात तेव्हा पंख्याचा एक होतो. इंजिनाच्या फेऱ्यांना पिचने गुणायचं, त्याला गिअरच्या प्रमाणाने भागायचं आणि पुन्हा १०५६ने भागायचं, की ताशी मैलांत कागदावरचा वेग मिळतो. हा १०५६ कुठून आला? मैलात ६३,३६० इंच असतात आणि तासात ६० मिनिटं. एकाला दुसऱ्याने भागलं की तो येतो. आमच्या त्या दुपारचे आकडे घेतले तर ४५०० गुणिले १५, भागिले २.०७, भागिले १०५६. उत्तर सुमारे ३१ मैल. जीपीएस म्हणत होतं १९. म्हणजे स्लिप जवळजवळ ३९ टक्के. पंखा पाण्यात नुसता घुसळत होता.

पण मेकॅनिकला जास्त काळजी स्लिपची नव्हती, काट्याची होती. प्रत्येक आऊटबोर्डच्या माहितीपुस्तकात पूर्ण थ्रॉटलला इंजिन किती फेऱ्यांवर यायला हवं याचा एक पट्टा दिलेला असतो. या इंजिनाचा तो ५००० ते ६००० आहे. ११५ अश्वशक्ती ही ताकद इंजिन त्या पट्ट्यात आल्यावरच देतं. ४५००वर अडकलेल्या इंजिनाकडून मालकाला ११५ची ताकद मिळतच नव्हती, मग दीडशेचं घेऊन करणार काय? त्यालाही तोच जड पंखा लावला असता तर तेही असंच अडण्याची भीती होती.

भरलेली एसटी कशेडी घाटात वरच्या गिअरवर रेटली तर जे होतं, तेच इथे होतं. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, इंधन भरपूर जातंय, पण इंजिन फिरू शकत नाही. घाटात ड्रायव्हर गिअर खाली टाकतो. बहुतेक आऊटबोर्डना एकच पुढचा गिअर असतो. खालचा गिअर हवा असेल तर कमी पिचचा पंखा लावणं हाच मार्ग.

असं ओझ्याखाली दाबून चालवलेलं इंजिन लगेच बंद पडत नाही. नुकसान हळूहळू होतं. सिलिंडरमध्ये दाब आणि उष्णता वाढते, इंधन वेळेआधी भडकायला लागतं, पिस्टन आणि बेअरिंगांवर ताण येतो, कार्बन साचतो. पेट्रोलही जास्त जातं. उलट बाजूची चूकही होते. पिच फारच कमी असेल तर हलक्या बोटीत इंजिन पट्ट्याच्या वर पळतं, आणि आधुनिक इंजिनातला रेव्ह लिमिटर मधेच ठिणगी कापून त्याला खाली आणतो. इंजिन अडखळतंय असं वाटतं. लिमिटर म्हणजे शेवटचं कुंपण. रोज त्याच्यावर धडकत चालणं इंजिनाला मानवणारं नाही. तरीही दोन्हींतली एक चूक निवडायचीच झाली तर काटा पट्ट्याच्या वरच्या टोकाकडे राहिलेला बरा. बोट जुनी होते, नळ्यांना शेवाळ धरतं, सामान वाढतं, आणि या सगळ्याने फेरे कमीच होत जातात.

पंखा हा प्रकार नुसता कागदावर घडलेला नाही. १८३६मध्ये फ्रान्सिस पेटिट स्मिथ या इंग्रज शेतकऱ्याने बोटीच्या स्क्रूचं पेटंट घेतलं. त्याचा स्क्रू लाकडी होता, दोन पूर्ण वेढ्यांचा. पुढच्या वर्षी लंडनच्या पॅडिंग्टन कालव्यात चाचणी चालू असताना त्यातला जवळजवळ अर्धा भाग कशाला तरी आपटून तुटला, आणि बोट आधीपेक्षा जोरात पळू लागली. लांबलचक स्क्रूपेक्षा आखूड पाती बरी, हे माणसाला त्या अपघाताने शिकवलं. साठेक वर्षांनी चार्ल्स पार्सन्सने आपल्या टर्बाइनवर चालणारी 'टर्बिनिया' बांधली तेव्हा तिला अपेक्षित वेग मिळेना. इतक्या वेगाने फिरणाऱ्या पंख्याभोवती पाणी फाटून वाफेचे बुडबुडे तयार होतात, हे त्याने छोट्या टाकीत प्रयोग करून पाहिलं. मग एका पंख्याऐवजी तीन दांड्यांवर तीन-तीन असे नऊ पंखे बसवले. १८९७मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या आरमारी संचलनात तीच बोट ३४ नॉटने आरमाराच्या रांगांमधून पळाली. टर्बाइन बदललं, पण पंखेही बदलले.

पार्सन्सला दिसलेल्या त्या बुडबुड्यांना कॅव्हिटेशन म्हणतात. तळ्यावरचे लोक मात्र दुसऱ्याच एका गोष्टीला सर्रास हेच नाव देतात. पॉन्टून झटकन वळवली की इंजिन एकदम किंचाळतं आणि बोट मात्र मंदावते. इथे पाणी फाटलेलं नसतं, वरची हवा खाली ओढली जाऊन पात्यांना लागलेली असते. याला व्हेंटिलेशन म्हणतात. पॉन्टूनला हे जास्त होतं, कारण इंजिन दोन नळ्यांच्या मधे उघड्या जागेत टांगलेलं असतं, आणि वळताना तिथलं पाणी विस्कटतं. इंजिनावर पंख्याच्या लगेच वर जी आडवी पट्टी असते ती हीच हवा अडवण्यासाठी.

म्हणून मेकॅनिकने पंखा काढण्याआधी बाकीची तपासणी केली. पट्टीची उंची बघितली, कारण इंजिन वर टांगलेलं असेल तर कुठलाही पंखा लावा, हवा खाणारच. दोन्ही नळ्या हाताने ठोकून पाहिल्या. सांध्यातून पाणी झिरपून नळी अर्धी भरलेली पॉन्टून त्याने अनेकदा पाहिली आहे. मालक महिनोन्महिने इंजिनाला दोष देत असतात आणि बोट शेकडो किलो पाणी पोटात घेऊन फिरत असते. नळ्यांच्या तळाला शेवाळ आणि झेब्रा शिंपले चिकटलेत का ते बघितलं. हे शिंपले मिनेटोंकात २०१० पासून आहेत, आणि थोडे जरी धरले तरी बोट जड चालते. हे सगळं ठीक निघाल्यावरच त्याने पंख्याला हात लावला. हा क्रम मला फार मोलाचा वाटला. दुकानात जाऊन नवा पंखा आणणं सोपं असतं. आधी बाकीच्या शंका मिटवणारे कमी.

पिच किती कमी करायचा, याचा तळ्यावरचा आडाखा असा: एक इंच पिच कमी केला की पूर्ण थ्रॉटलचे फेरे दीडशे ते दोनशेने वाढतात. भरलेल्या बोटीत आम्हाला ४५०० मिळत होते. पट्टा ५०००ला सुरू होतो. म्हणजे निदान तीन इंच खाली यायला हवं. पण दुसरं टोकही सांभाळायचं होतं. दोघंच असताना ही बोट ५३००वर जायची. तीन इंच कमी केल्यावर ती ५८००-५९००ला जाईल, म्हणजे ६०००च्या आत. चार इंच कमी केले तर रिकामी बोट लिमिटरवर आपटण्याची भीती. बारा पिच ठरला.

पुढचा प्रश्न पात्यांचा. तीन की चार? तीन पात्यांचा पंखा हलका फिरतो आणि वरचा वेग थोडा जास्त देतो. चार पात्यांचा पाण्यात जास्त पकड घेतो, सुरुवातीला बोट लवकर उचलतो, थरथर कमी करतो, वळणावर चटकन सुटत नाही. त्याची किंमत म्हणजे पन्नास-शंभर फेरे कमी होतात आणि वरच्या वेगात थोडी घट येते. पॉन्टूनच्या बाबतीत मी चार पात्यांच्या बाजूचा आहे, आणि त्याचं मुख्य कारण वेग नाही. धक्का हे आहे. पॉन्टूनचे कठडे उंच, छत वर, आणि पाण्याखाली पकड घेणारं काही नाही. आडवा वारा सुटला की बोट धक्क्याकडे जाण्याऐवजी शेजाऱ्याच्या बोटीकडे सरकते. त्या वेळी रिव्हर्समध्ये टाकल्यावर पंख्याने ताबडतोब पाणी धरलं पाहिजे. जास्त पाती म्हणजे जास्त पकड. दोन धक्क्यांमधल्या चिंचोळ्या जागेत पाहुण्यांसमोर बोट लावताना हा फरक कुणालाही कळतो.

धातूचं म्हणाल तर अॅल्युमिनियमचा पंखा साधारण दीड-दोनशे डॉलरला येतो, स्टेनलेस स्टीलचा चार-पाचशे किंवा त्याहून वर. स्टीलची पाती पातळ आणि ताठ असतात, जोरात वाकत नाहीत, त्यामुळे कामगिरी थोडी सरस. पण खडकाळ, उथळ तळ्यात अॅल्युमिनियमचं पातं वाकून धक्का स्वतःवर घेतं. स्टीलचं वाकत नाही, आणि मग तो धक्का गिअरच्या दातांपर्यंत जाण्याची शक्यता वाढते. मधल्या नळीत एक रबरी किंवा प्लास्टिकची बुशी असते ती याचसाठी. मोठा आघात झाला की ती सरकते आणि गिअर वाचतात. बुशी सरकल्याची खूण सोपी आहे. इंजिन फिरतं, बोट जात नाही. वेगाची हौस नसलेल्या कुटुंबाने स्टीलच्या नादी लागू नये. उरलेल्या पैशांत दुसरा अॅल्युमिनियमचा पंखा घ्यावा आणि बोटीत पाना, नट आणि पिनसह ठेवावा. तळ्याच्या मधोमध पातं तुटलं तर तोच घरी आणतो.

जुना पंखा काढताना मी जवळ उभा होतो. इंजिनाची चावी काढून त्याने स्वतःच्या खिशात टाकली, बोट न्यूट्रलमध्ये केली, मग पातं आणि वरची पट्टी यांच्यामधे लाकडाचा ठोकळा घातला, म्हणजे पाना फिरवताना पातं फिरून हात कापला जाऊ नये. नट निघाला, वॉशर निघालं, पंखा दोन्ही हातांनी मागे ओढला. दांड्यावर, पंख्यामागच्या खाचेत, नायलॉनच्या मासेमारीच्या दोऱ्याचं घट्ट वेटोळं बसलेलं होतं. कुठल्या तरी गळाचा तुटलेला दोरा पंख्याने गुंडाळून घेतला होता. हा दोरा फिरत फिरत दांड्याचं रबरी सील कापतो. मग गिअरच्या पेटीत पाणी शिरतं आणि तेल दुधाळ होतं. मिनेसोटात त्याचा शेवट हिवाळ्यात होतो. बोट शेडमध्ये उभी असते, पारा शून्याच्या खूप खाली जातो, पेटीतल्या पाण्याचा बर्फ होतो आणि गिअरचं अॅल्युमिनियमचं घर तडकतं. वसंतात मालकाला कळतं. मेकॅनिकने तळाचा स्क्रू सैल करून तेलाचा थेंब बोटावर घेतला. तो स्वच्छ निघाला. दोरा ब्लेडने कापून काढला, दांड्याच्या दातांना ग्रीस लावलं, जाड वॉशर योग्य बाजूने बसवलं, नवा पंखा चढवला, नट ठरलेल्या जोराने आवळला आणि नवी पिन घातली. जुनी पिन सरळ करून परत वापरली नाही. ती काही सेंटची वस्तू आहे. ती तुटली आणि नट सैल झाला तर पंखा तळ्याच्या तळाशी जातो.

पाणवेलींचाही त्रास इथे आहे. युरेशियन वॉटरमिलफॉइल नावाची वेल मिनेटोंकात १९८७ पासून आहे आणि जुलैत उथळ खाड्यांमध्ये तिच्या दाट जाळ्या होतात. पंख्याला वेल गुंडाळली की फेरे चढतात, वेग पडतो, थरथर सुरू होते. अशा वेळी थ्रॉटल वाढवू नये. न्यूट्रल करावं, क्षणभर रिव्हर्स देऊन वेल सोडवावी. तळ्यातून बोट बाहेर काढताना पंख्यावरची, ट्रेलरवरची वेल काढणं आणि तळाचं बूच काढून सगळं पाणी सोडून देणं मिनेसोटात कायद्याने बंधनकारक आहे, कारण एका तळ्यातली वेल आणि शिंपले दुसऱ्यात जातात ते असेच.

पुढच्या शनिवारी तीच माणसं, तोच बर्फ, तीच भरलेली टाकी. हे महत्त्वाचं आहे. रिकाम्या बोटीत घेतलेली चाचणी घरच्या लोकांच्या उपयोगाची नाही. थ्रॉटल शेवटपर्यंत. इंजिनाचा आवाज या वेळी मोकळा होता. काटा ५०००च्या थोडा वर जाऊन स्थिरावला आणि जीपीएस २१ मैल दाखवत होतं. दोन मैल म्हणजे फार वाटत नाहीत. पण नाक खाली आलं होतं, मागचं पांढरं पाणी कमी झालं होतं, आणि स्लिप चोवीस टक्क्यांच्या आसपास उतरली होती. नंतर दोघांनाच घेऊन मालक एक फेरी मारून आले. काटा ५८००, वेग २५. जुन्या पंख्याने रिकाम्या बोटीत २६ मिळायचे. एक मैल गेला. ज्या बोटीत नेहमी दहाजण बसतात, तिच्यासाठी हा सौदा चांगला आहे, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. एकच खर्च झाला, पंख्याचा. दीडशेच्या इंजिनाचा विषय पुन्हा निघाला नाही.

हेच गणित उंचीवरच्या तळ्यात बदलतं. समुद्रसपाटीपासून दर हजार फुटांना इंजिनाची ताकद सुमारे तीन टक्क्यांनी घटते. मिनेटोंका हजार फुटांच्या आत आहे. कॅलिफोर्निया आणि नेव्हाडाच्या सीमेवरचा ताहो तलाव सहा हजार फुटांच्या वर. तिथे बोट न्यायची तर आणखी कमी पिचचा पंखा लागतो. पॉन्टूनसाठी कंपन्या मुद्दाम वेगळ्या गिअरची इंजिनंही देतात. मर्क्युरीच्या ११५च्या 'कमांड थ्रस्ट' प्रकारात प्रमाण २.३८ आहे, खालचं घर मोठं आहे, म्हणजे जास्त व्यासाचा पंखा सावकाश फिरवता येतो. जड बोटीला मोठा आणि संथ पंखा मानवतो. नवी पॉन्टून घेत असाल तर वीस अश्वशक्ती जास्त मागण्यापेक्षा हे गिअर आहे का ते विचारा.

पंख्याबद्दल बोलताना एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. पॉन्टूनच्या पुढच्या दाराबाहेर जो छोटा ओटा असतो, तिथे पाय पाण्यात सोडून बसायला मुलांना फार आवडतं. चालत्या बोटीत तिथे कधीही बसू देऊ नका. तिथून घसरलेलं मूल दोन नळ्यांच्या मधे पडतं, आणि बोट त्याच्या अंगावरून पुढे जाते. मागे पंखा असतो. चालवणाऱ्याला थांबायला वेळच मिळत नाही. पोहणारे शिडीजवळ आले की इंजिन न्यूट्रल नव्हे, पूर्ण बंद करायचं. आणि चालवणाऱ्याने इंजिन बंद करणारी दोरी मनगटाला किंवा जॅकेटला अडकवायची. सव्वीस फुटांच्या आतल्या बहुतेक मोटरबोटींना अमेरिकेत १ एप्रिल २०२१ पासून हे कायद्याने सक्तीचं आहे. चालवणारा पाण्यात पडला तर दोरी सुटते आणि पंखा थांबतो.

आपल्याकडे पॉन्टून बोटी फारशा दिसत नाहीत, पण आऊटबोर्ड मालवण, देवबाग, तारकर्लीपासून गोव्यापर्यंत रोज पाण्यात आहे. तिथे पंख्याची पाती वाळूने घासली जातात, जाळं गुंडाळलं जातं, आणि पर्यटकांच्या हंगामात होडी नेहमीच भरलेली असते. पंखा लोखंडी पान्याने ठोकून सरळ केलेला, एक पातं दुसऱ्यापेक्षा आखूड झालेलं, आणि तरी तोच चालू, हे कुठल्याही किनाऱ्यावर बघायला मिळतं. असा असमान पंखा थरथरतो, आणि ती थरथर बेअरिंग आणि सील खाऊन टाकते. लहान आऊटबोर्डवर टॅकोमीटर नसतो हे खरं. पण स्पार्क प्लगच्या वायरीला लावायचा छोटा डिजिटल टॅकोमीटर स्वस्तात मिळतो, आणि इंजिनाचा पट्टा माहितीपुस्तकात छापलेला असतोच. दहा प्रवासी घेऊन रोज खेपा करणाऱ्याला त्या दोन आकड्यांची गरज मिनेसोटातल्या हौशी माणसापेक्षा जास्त आहे. त्याचं पोट त्याच इंजिनावर आहे.

तेव्हा बोट कुठलीही असो, पुढच्या वेळी पाण्यात जाल तेव्हा एवढं करा. नेहमी जितकी माणसं आणि सामान असतं तितकं घ्या, शांत पाण्यात, मोकळ्या जागेत थ्रॉटल पूर्ण उघडा, काटा कुठे थांबतो ते आणि जीपीएसचा वेग कागदावर लिहा. पंख्याच्या नळीवरचा पिच वाचा. इंजिनाच्या पुस्तकातला पट्टा त्याच कागदावर उतरवा. हा कागद घेऊन पंख्याच्या दुकानात जा. दुकानदार कुठला पंखा देतो यापेक्षा हा कागद बघून तो काय विचारतो, याकडे लक्ष ठेवा. किती माणसं बसतात, हे त्याने विचारलंच नाही, तर दुसरं दुकान शोधा.